खेळणे पोहोचले, बैठक राहिली

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे हे साहित्य आता बहुतेक विज्ञान शिक्षकांच्या ओळखीचे आहे. गुल खरवडलेल्या दोन काड्या व्हॉल्व्हट्यूबच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी सरकवल्या की झाला सांधा. तीन काड्या तीन सांध्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो, चार जोडल्या की चौरस. चौरस बोटाने दाबला तर तो तिरपा होतो. त्रिकोण मात्र दाबला तरी आकार सोडत नाही. बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोन ठरूनच जातात, चौकोनाचे तसे नाही. पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या शेडच्या छपराखाली उभे राहून वर पाहा. लोखंडी कैच्यांत त्रिकोणच त्रिकोण दिसतील, ते याच कारणाने.

या खेळण्याचे पिंपरीशी आणखी एक नाते आहे. ते ज्यांच्यामुळे घराघरांत पोहोचले ते अरविंद गुप्ता १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून इंजिनियर होऊन टेल्कोच्या पुणे कारखान्यात, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, ट्रक बनवण्याच्या कामाला लागले. १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेथे काड्यांचे हे सांधे जमले. पुढे त्यावरचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. २००३ ते २०१४ या काळात त्यांनी पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे येथून गेलेला इंजिनियर परत आला आणि खेळणेही आले. पण ज्या व्यवस्थेत ते खेळणे जन्मले, ती आली का? माझ्या मते नाही. आज शिक्षकांमधून 'सुलभक' घडवण्याची, त्यांचे जाळे उभारण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. त्या भाषेची तपासणी या एका प्रश्नावर करून पाहू.

होशंगाबादला काय होते?

१९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील (आताचा नर्मदापुरम) १६ सरकारी माध्यमिक शाळांत हे काम सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ, प्राध्यापक त्यात उतरले. १९७८ साली कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ साली त्याची धुरा नव्याने स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेकडे आली आणि पुढे तो पंधरा जिल्ह्यांत पोहोचला. सहावी ते आठवीची मुले चारचारच्या टोळीत प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत, त्यावर चर्चा करीत. परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे आणि प्रयोगाचीही परीक्षा असे.

या कार्यक्रमाचे कौतुक होते ते बहुधा प्रयोगांचे आणि स्वस्त साहित्याचे. पण त्याचा कणा होती शिक्षकांची मासिक बैठक. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसत. कोणता प्रयोग वर्गात फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या सूचनेचा अर्थ लागला नाही, हे तेथे मांडले जाई. एका शाळेतला अनुभवी शिक्षक दुसऱ्या शाळेत जाऊन वर्ग पाही. अशांतूनच प्रशिक्षण देणाऱ्या स्रोत शिक्षकांचा गट तयार झाला. हे सारे परत जाई ते 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांकडे. पुढच्या आवृत्त्यांत धडे बदलले, प्रयोग बदलले. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने लिहिलेली ओळ गावातल्या शिक्षकाच्या अनुभवावरून खोडली जाऊ शकत होती. शिक्षकाचे तेथील खरे स्थान यावरून कळते.

वरून खाली वाहणारे प्रशिक्षण

आता आपल्या नेहमीच्या प्रशिक्षणाकडे पाहू. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याचे घडवतात, जिल्ह्याचे तालुक्याचे, तालुक्याचे केंद्राचे आणि केंद्रावरून ते शिक्षकापर्यंत येते. समजा, प्रत्येक पायरीवर तीन-चतुर्थांश आशय नीट पोहोचला. चार पायऱ्यांनंतर उरेल तीन-चतुर्थांशचा चौथा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. दोन-तृतीयांश वाटेतच सांडले. हा हिशोब कल्पित आहे, पण कानगोष्टींचा खेळ खेळलेल्या कोणालाही तो पटेल.

यावर उत्तर दिले जाते की, संख्या मोठी असताना दुसरा मार्ग नाही. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निष्ठा' कार्यक्रमापुढे सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांचे उद्दिष्ट होते. एवढ्यांना एका ठिकाणी कोण शिकवणार? हे म्हणणे खोटे नाही. पण माझा आक्षेप खाली येताना होणाऱ्या गळतीवर नाही. खालून वर काय जाते, यावर आहे.

मी स्वतः बसलेल्या एका प्रशिक्षणातला प्रसंग सांगतो. काड्यांचा त्रिकोण करून झाला, फोटो निघाले. मग एका बाईंनी विचारले, "आमच्या शाळेजवळच्या सायकल दुकानात व्हॉल्व्हट्यूब मिळत नाही. मुलांच्या नव्या सायकलींना मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो. मग सांधा कशाचा करायचा?" प्रशिक्षक प्रामाणिक होते. ते म्हणाले, "बाई, मला दिलेल्या पुस्तिकेत हे नाही." एवढ्यावर विषय संपला. दोष त्यांचा नव्हता. त्यांनी तो प्रश्न कोणाकडे न्यावा, अशी जागाच व्यवस्थेत नव्हती. अभिप्रायाच्या कागदावर 'प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?' असा रकाना होता. 'पुस्तिकेत काय चुकले आहे?' असा नव्हता.

कारखान्यातली गोष्ट

आपल्या पट्ट्यातील पालकांना ही उणीव समजावून सांगावी लागणार नाही. मोठ्या कारखान्याकडून भोसरीच्या वर्कशॉपला ड्रॉइंग येते आणि त्याबरहुकूम जॉब बनून जातो. माप चुकले तर जॉब परत येतो, सोबत काय चुकले त्याची नोंद असते. ही परतीची वाट नसेल तर धंदा चालणार नाही. जपानमध्ये १९६२ साली सुरू झालेली 'क्वालिटी सर्कल' ही पद्धत याच्याही पुढे गेली. एकाच विभागातले मूठभर कामगार नियमित बसतात, अडचण निवडतात, तिची कारणे माशाच्या काट्यासारख्या आकृतीवर मांडतात आणि उपाय करून पाहतात. आपल्याकडे ही पद्धत १९८० साली 'भेल'मधून आली व पुढे अनेक कारखान्यांत रुजली. या मंडळांनाही एक 'फॅसिलिटेटर' असतो. तो उत्तर सांगत नाही, बैठक चालू ठेवतो. कामगार बापाला जी जागा शॉप फ्लोअरवर मिळू शकते, ती त्याच्या मुलाच्या शिक्षकाला मिळू नये, ही विसंगती नव्हे काय?

अर्थात कारखान्याच्या उदाहरणाला मर्यादा आहे. काम कसे करावे हे कामगार सुचवू शकतो, कोणते काम करावे हे नाही. सहभागाची कल्पना याहून मोठी आहे. 'कृतिसंशोधन' हा शब्द अध्यापक विद्यालयात आपण सर्वांनी ऐकला आणि त्याची एक फाईल सादर करून विसरलो. १९४६ साली कुर्ट लेविन यांनी तो मांडला तेव्हा त्यात एक चक्र होते: योजना, कृती, निरीक्षण, विचार आणि त्यातून पुढची योजना. पुढे कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लान्डो फाल्स बोर्डा आदींनी त्यात एक महत्त्वाची अट घातली. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनीच संशोधक असले पाहिजे. बाहेरचा माणूस सोबत करील, मालकी घेणार नाही. सुलभक म्हणजे हा सोबत करणारा माणूस. ठरलेली पुस्तिका हसतखेळत पोहोचवणाऱ्यालाही आपण हल्ली सुलभक म्हणतो. पण खेळ, गटचर्चा आणि रंगीत तक्ते वापरले म्हणून प्रशिक्षण सहभागी होत नाही. भाग घेणाऱ्याच्या म्हणण्याने काही बदलू शकते का, एवढीच त्याची कसोटी आहे.

होशंगाबादची उणी बाजू

याच कसोटीवर होशंगाबादलाही घासून पाहिले पाहिजे, नाहीतर हे भक्तीचे लेखन होईल. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली व्यवस्था एका निर्णयाने थांबली. देशभरातील शास्त्रज्ञांनी व शिक्षणप्रेमींनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. असे का व्हावे? बैठकीला जाण्याची परवानगी, प्रवासभत्ता, वेगळी परीक्षा, वेगळी पुस्तके हे सगळे सरकारी आदेशावर उभे होते. पुस्तकावर शिक्षकाचा अधिकार होता, पण बैठकीवर नव्हता. बैठक बोलावणारा आणि ती टिकवणारा हात बाहेरचा होता.

तुलनेसाठी शाळेबाहेरचे, पण महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घेऊ. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींची भूमिसेना उभी राहिली. तिचा अभ्यास १९७९ साली डिसिल्व्हा, मेहता, रहमान आणि विग्नराजा या चौघांनी प्रसिद्ध केला. सहभागी संशोधनाच्या क्षेत्रात तो आजही मानला जातो. मध्यंतरी बाहेरच्या हितचिंतकांनी बँकेच्या कर्जावर शेतीसुधारणेची योजना आणली. हेतू चांगला होता, पण निर्णय लोकांच्या हातून निसटले. हे ध्यानात येताच ते त्या योजनेपासून बाजूला झाले. पुढे गावोगावची तरुण मंडळे आणि शिबिरे यांत लोक आपल्याच अनुभवाचा विचार करू लागले. बाहेरच्याची मदत नाकारली नाही, पण ती बोलावल्यावर यावी असे ठरले.

शाळा म्हणजे चळवळ नव्हे. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांना सरकारी मान्यता लागणारच, आणि तेवढ्यापुरते होशंगाबादकरांचे आदेशावर विसंबणे अटळ होते. परंतु आदेश गेल्यावरही दहा शिक्षक महिन्याला एकत्र बसत राहतील, एवढी सवय आणि मालकी निर्माण होणे हे जाळ्याचे खरे फळ आहे. ते तेथे पुरेसे पिकले नाही, असे मला वाटते.

आपण काय करावे?

आपल्या भागात हा प्रश्न तातडीचा आहे. महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळांत आणि चाकणच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत रोजगारासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. वर्ष मध्येच सोडून जाणारी आणि मध्येच दाखल होणारी मुले आहेत. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी असलेला वर्ग कसा शिकवावा, हे राज्यस्तरावरच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. ते आपल्यालाच शोधून काढावे लागेल, आणि एकट्याने ते होणार नाही.

त्या प्रशिक्षणानंतर आम्ही चौघे शिक्षक महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर बसू लागलो. नियम तीनच. बैठक चालवण्याची पाळी दर वेळी बदलायची. प्रत्येकाने वर्गात फसलेली एक गोष्ट आणायची. वहीत चार रकाने ठेवायचे: प्रश्न, कोणी काय करून पाहिले, काय झाले, आता काय बदलायचे. पहिल्याच बैठकीत व्हॉल्व्हट्यूबचा प्रश्न घेतला. एका सरांनी जाड विजेच्या वायरचे आतली तार काढलेले प्लास्टिकचे आवरण वापरून पाहिले. काड्या बसल्या, पण सांधा ताठ झाला. चौरस दाबला तरी सहजी तिरपा होईना. आम्हाला वाटले, प्रयोग फसला.

एका मुलीला मात्र तसे वाटले नाही. तिचे वडील ट्रकच्या सांगाड्याच्या कामावर आहेत. ती म्हणाली, "सर, चासी तर शिडीसारखी चौकोनीच असते, मग ती का मोडत नाही?" उत्तर आमच्या हातातच होते. चासीचे सांधे रबरी नळीसारखे सैल नसतात, ते रिव्हेट मारून ताठ केलेले असतात. सांधा सैल असेल तर आकार टिकवण्याचे काम त्रिकोण करतो, सांधा ताठ असेल तर तो स्वतःच त्यातला बराच भार घेतो. आमच्या मूळ पुस्तिकेत हे नव्हते. आता दोन्ही प्रकारचे सांधे शेजारी शेजारी ठेवून आम्ही हा धडा घेतो.

चार जणांची बैठक म्हणजे जाळे नव्हे, हे मान्य. पण वहीची प्रत शेजारच्या केंद्रात गेली आणि तेथून दोन दुरुस्त्या घेऊन परत आली. परतीची वाट तेवढी चालू झाली आहे. आपल्या केंद्रात अशी वही सुरू केलीत, तर पहिल्या पानावर सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न लिहा आणि दुसऱ्या केंद्राकडे पाठवा.