पाणबुडीच्या खेळाचें उत्तरकांड

संगणकावरील खेळांची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिला आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, ज्या कृतींत काल, पात्र आणि परिणाम यांची मांडणी एखाद्या कर्त्यानें हेतुपुरस्सर केलेली असते, ती कृति टीकेस पात्र असते. मग ती रंगभूमीवर घडो, पुस्तकांत घडो, कीं कांचेच्या पडद्यावर घडो. युबिसॉफ्ट या कंपनीच्या रुमानियांतील शाखेनें २००५ सालीं प्रसिद्ध केलेला ‘सायलेंट हंटर ३’ हा खेळ अशा कृतींपैकीं एक होय. त्यास वीस वर्षें उलटून गेलीं, तरी त्याचे भोक्ते अद्याप आहेत, आणि त्यांच्यांतील एक जुना वादहि अद्याप मिटलेला नाहीं. महायुद्धाच्या आरंभींचीं वर्षें या खेळांत फार सोपीं व अखेरचीं फार कठीण आहेत, हा दोष मानावा कीं गुण, असा तो वाद आहे.

खेळणारा हा जर्मन पाणबुडीचा कप्तान. त्याची नोकरी १९३९ पासून १९४५ पर्यंत चालूं शकते. आरंभाचें वर्ष मात्र त्यानें आपल्या मर्जीनें निवडावयाचें असतें. दर सफरीस नकाशांतील समुद्राचा एक चौकोन त्याला नेमून मिळतो. तेथें चोवीस तास गस्त घालावयाची, सांपडेल तें शत्रूचें जहाज बुडवावयाचें आणि जिवंत परतावयाचें. किती टनांचीं जहाजें बुडविलीं यावर त्याची कीर्ति मोजली जाते, व त्या कीर्तीच्या मोबदल्यांत चांगलीं यंत्रें, कसलेले खलाशी आणि पुढें मोठी पाणबुडीहि पदरांत पडते. इथवर हा खेळ इतर शेंकडों खेळांसारखाच आहे.

परंतु इतर खेळांत काठिण्य हें खेळणाऱ्याच्या बेतानें वाढत असतें. त्याच्या हातीं तलवार आली कीं शत्रूच्या हातीं ढाल येते. शक्ति आणि संकट यांचीं पारडीं समतोल राखण्याचें काम रचनाकार अखंड करीत असतो. येथें तो तराजू रचनाकारानें इतिहासाच्या स्वाधीन केला आहे, आणि इतिहासाला खेळणाऱ्याच्या सोयीची पर्वा नाहीं.

१९४० सालच्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला; लोरियाँ, ब्रेस्ट, सँ-नाझेर हीं बंदरें जर्मनांच्या हातीं आलीं, आणि अटलांटिक महासागर त्यांच्या पाणबुड्यांच्या उंबरठ्याशीं आला. ब्रिटिशांपाशीं रक्षक जहाजें थोडीं होतीं. त्यांचें ‘अ‍ॅस्डिक’ हें यंत्र पाण्याखालील पाणबुडीचा माग काढी, पण रात्रीं पाण्यावर तरंगत येणारी पाणबुडी त्यास कळत नसे. त्या ऑक्टोबरांत एस. सी. ७ या ३५ जहाजांच्या तांड्यांतील २० जहाजें बुडालीं. जर्मन खलाशांनीं या दिवसांस ‘सुखाचा काळ’ असें नांव दिलें होतें. खेळांतहि तें सुख जसेंच्या तसें आहे. काळोखांत इंजिन मंद करून तांड्याच्या दोन रांगांमध्यें शिरावें, चार पाणतीर सोडावे आणि ज्वाळांच्या उजेडांत निघून जावें! येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळचे जर्मन पाणतीर विश्वासाचे नव्हते; १९४० च्या एप्रिलांत नॉर्वेच्या किनाऱ्यावर ते इतके फसले कीं खुद्द प्रीनसारखा नामांकित कप्तानहि हताश झाला. खेळांत ही फसगत चालू किंवा बंद ठेवण्याची सोय आहे. पुष्कळ लोक ती बंद ठेवतात, आणि मग पूर्वार्ध सोपा आहे अशी तक्रार करतात.

पुढें वारें फिरतें. १९४१ च्या मार्चांत प्रीन नाहींसा झाला, शेप्के मारला गेला व क्रेत्श्मर कैद झाला. शेप्केची पाणबुडी तर रात्रीं पाण्यावर असतांना रडारनेंच हेरली होती. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या दिवे न मालविलेल्या किनाऱ्यावर सुखाचा काळ पुनः एकवार अवतरतो. पण तें सुख बुझत्या ज्योतीचें आहे. १९४३ च्या मे महिन्यांत ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि डोनिट्झनें उत्तर अटलांटिकमधून आपलीं पथकें मागें घेतलीं.

खेळणाऱ्यास हें सर्व वाचून नव्हे, तर सोसून कळतें. तीच रात्र, तोच तांडा, तीच मंद चाल. परंतु आतां जहाजें दृष्टीस पडण्यापूर्वींच काळोखांतून विमान येऊन आदळतें. बुडी मारावी तर सातव्या जातीची पाणबुडी पाण्याखालीं ताशीं ४ सागरी मैल या चालीनें सुमारें ८० मैलच जाऊं शकते. मग विजेच्या साठ्यासाठीं वर येणें भागच. पूर्वीं विनाशिका डोक्यावर आली कीं तिचें अ‍ॅस्डिक क्षणभर आंधळें होई, आणि त्या क्षणांत कुशल कप्तान वळण घेऊन निसटे. आतां ‘हेजहॉग’ हें अस्त्र चोवीस बाँब पुढच्या दिशेस फेंकतें. तो क्षण उरतच नाहीं. पांच वर्षांच्या सरावानें खेळणारा निष्णात झालेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं नैपुण्याची किंमत शून्यावर येते.

ही गोष्ट अन्यायाची आहे असें म्हणणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. १९४२ सरतांच ते आपली नोकरी सोडून देतात व नव्या नांवानें पुनः १९३९ सालीं दाखल होतात. युद्धकांड संपतांच पोथी मिटणाऱ्यांचीच ही तऱ्हा! आमच्या मतें या खेळाचें खरें मोल त्या टाकून दिलेल्या कांडांत आहे. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारें ४० हजार माणसांपैकीं तीन चतुर्थांश परत आलीं नाहींत. हा आंकडा ज्या खेळांत जाणवत नाहीं, त्यास त्या युद्धाची अनुकृति म्हणवून घेण्याचा अधिकार नाहीं.

तथापि खेळणाऱ्याच्या सर्वज्ञतेवर रचनाकारांस उपाय सांपडलेला नाहीं. मे १९४३ मध्यें काय होणार हें त्यास ठाऊक असतें. जर्मनांची गुप्त लिपि ब्रिटिश वाचीत होते, ही १९७४ नंतर जगजाहीर झालेली गोष्टहि त्यास ठाऊक असते. त्या कप्तानांस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांचें अज्ञान त्यास उसनें मिळत नाहीं. आणि बुडालों तर कालचा जतन केलेला डाव पुनः उघडतां येतो, ही सोय तर भयाच्या मुळावरच घाव घालते.

याहून मोठा दोष पूर्वार्धांत आहे, आणि तो कठीणपणाचा नसून सोपेपणाचा आहे. खेळाच्या हिशेबवहींत जहाजाचा प्रकार आणि वजन यांची नोंद होते. माणसांची होत नाहीं. १९४० च्या सप्टेंबरांत यू-४८ या पाणबुडीनें ‘सिटी ऑफ बनारस’ हें जहाज बुडविलें. सरकारी योजनेनें कॅनडास धाडलेल्या ९० मुलांपैकीं ७७ मुलें त्यांत दगावलीं, आणि बुडालेल्यांत हिंदी खलाशीहि पुष्कळ होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील नोकरवर्गांत त्या वेळीं सुमारें चतुर्थांश लोक हिंदी होते. रत्नागिरीकडचे व गोव्याचे लोक त्यांत किती तरी. खेळाच्या भाषेंत ही घटना म्हणजे सुमारें ११ हजार टन. सुखाच्या काळांतील सुख किती अंशीं शत्रूच्या दुबळेपणाचें आणि किती अंशीं या न दिसणाऱ्या माणसांचें, हा प्रश्न खेळ विचारीत नाहीं. उत्तरार्धांत दोनशें मीटर खोल दडून डोक्यावरच्या पंख्यांची घरघर ऐकतांना खेळणाऱ्यास शिकारीच्या जनावराचें काळीज थोडेंसें कळतें खरें. पण तें स्वतःपुरतेंच. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलींत उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती समज पोहोंचविण्याचें काम या कर्त्यांनीं केलेलें नाहीं.

याच मालिकेंतील चौथा भाग २००७ सालीं आला. त्यांत पॅसिफिक महासागरावरील अमेरिकन कप्तानाची भूमिका असल्यामुळें सर्व क्रम उलटा झाला आहे. तेथें आरंभींचीं वर्षें खोटे पाणतीर आणि अपुरी माहिती यांमुळें कष्टाचीं, व १९४४ मध्यें रडारच्या बळावर जपानी जहाजें टिपणें सुलभ. अमेरिकनांनींहि त्या युद्धांत ५२ पाणबुड्या गमावल्या. तरी खेळ म्हणून तो भाग आम्हांस फिका वाटला, कारण त्यांत शक्ति वाढते आणि संकट ओसरतें, एवढेंच घडतें. २०१० च्या पांचव्या भागांत तर मूळ मोहीम १९४३ पर्यंतच आणून सोडली आहे. पुढें हौशी लोकांनीं स्वतःच्या श्रमानें तींत भर घातली. परंतु कर्त्यांच्या हातून उतरलेलीं अखेरचीं दोन वर्षें ज्यांस हवीं असतील, त्यांनीं तिसऱ्या भागाकडेच वळावें, व पाणतिरांची फसगत चालू ठेवावी.