संकलनांतील भारत : अनुक्रमणिका काय सांगते?

परक्या वाचकाला एखाद्या राष्ट्राची ओळख करून देताना इतिहासकार स्वतः बोलतो, तर संकलनकार मूळ ग्रंथांना बोलू देतो. म्हणून संकलन अधिक निःपक्षपाती वाटते. परंतु कोणाला बोलू द्यावयाचे, कोणानंतर आणि कोणत्या शीर्षकाखाली, हे संपादकच ठरवितो. त्यामुळे अशा ग्रंथाची अनुक्रमणिका प्रस्तावनेपेक्षाही काळजीपूर्वक वाचावी लागते.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात शिकले, त्याच विद्यापीठाने 1958 साली 'सोर्सेस ऑफ इंडियन ट्रॅडिशन' हे संकलन प्रकाशित केले. प्रमुख संपादक थिओडोर डी बॅरी. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना भारत प्रथम भेटला तो याच्या पानांतून. ब्राह्मणधर्माचा विभाग पुण्याचे रा. ना. दांडेकर यांनी सिद्ध केला, जैन व बौद्ध विभाग ए. एल. बॅशम यांनी. बॅशम यांची निवड जाणकाराची आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

या ग्रंथाचा क्रम मात्र विचार करावयास लावणारा आहे. आधी ब्राह्मणधर्म, मग जैन आणि बौद्ध धर्म, त्यानंतर हिंदुधर्म. हा क्रम आपणांस अपरिचित नाही. बाबासाहेबांच्या 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या अपूर्ण लेखनात (महाराष्ट्र शासनाने ते 1987 साली प्रसिद्ध केले) ब्राह्मणी भारत, बौद्ध भारत आणि हिंदू भारत असेच तीन टप्पे येतात. दोघांची विभागणी जवळजवळ सारखी. परंतु बाबासाहेबांना या टप्प्यांच्या मध्ये संघर्ष दिसतो, तर संकलनात तेथे केवळ पान उलटते. एक परंपरा संपली, दुसरी सुरू झाली, इतकेच. का संपली, कोणी संपविली, हा प्रश्न उताऱ्यांच्या मांडणीत उद्भवतच नाही.

हिंदुधर्माचा विभाग तर चार पुरुषार्थांच्या चौकटीत रचला आहे. मनुस्मृतीतील वर्णधर्म तेथे 'धर्म' या पहिल्या पुरुषार्थाखाली येतो. ज्या ग्रंथाचे 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला दहन झाले, तो येथे मानवी जीवनाच्या एका उद्दिष्टाचे शांत विवेचन म्हणून वाचावयास मिळतो! उतारा खोटा नाही. पण ज्यांच्यावर ते नियम लादले गेले, त्यांची साक्ष शेजारी ठेवली नाही, तर विद्यार्थ्याला नियम कळतो, समाज कळत नाही. 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या आधुनिक खंडात बाबासाहेबांचे लेखन आले आहे, 2014 च्या तिसऱ्या आवृत्तीत तर शीर्षकातील 'परंपरा' हा शब्दही अनेकवचनी झाला. हे स्वागतार्हच. तथापि साक्ष दुसऱ्या खंडात आणि नियम पहिल्या खंडात, अशी ताटातूट राहतेच.

साक्षीपासून आरंभ केला तर काय घडते, हे सुझी थारू व के. ललिता यांच्या 'विमेन रायटिंग इन इंडिया' (दोन खंड, 1991 व 1993) या संकलनावरून कळते. स्त्रियांच्या लेखनाची ही परंपरा वेदापासून नव्हे, थेरीगाथेपासून सुरू होते. मुक्ता, सुमंगलमाता या थेरी घरातील कामाच्या ओझ्यासह आपल्या मुक्तीविषयी बोलतात. त्याच खंडात पुढे जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ताबाईचा 1855 सालचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध येतो. एका मुक्तेपासून दुसऱ्या मुक्तेपर्यंत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि तरी वाचकाला हा एकच देश वाटतो. मनुस्मृतीने काय केले, हे सांगण्यासाठी तिचा श्लोक तेथे द्यावा लागत नाही. मुक्ताबाईचा निबंधच ते सांगतो.

या संकलनालाही मर्यादा आहेत. लेखिकांचा परिचय देणाऱ्या संपादकीय टिपा काही वेळा मूळ उताऱ्यापेक्षा जड होतात, आणि थेरींचा संघ, त्याचे विनयनियम, भिक्षुणींना मिळालेली दुय्यम जागा यांविषयी अधिक सांगावयास हवे होते. थेरीगाथा ही स्वतःच एक संकलन आहे. त्र्याहत्तर थेरींच्या नावे असलेल्या गाथांतून मोजक्या निवडताना संकलनातून पुन्हा संकलन होते, आणि वगळलेल्यांमध्ये पटाचारा किंवा अंबपाली असू शकतात. ज्यांना पाली येते अथवा मराठी अनुवाद उपलब्ध आहे, त्यांनी इंग्रजी उताऱ्यांवर न थांबता पूर्ण थेरीगाथा हाती घ्यावी आणि थारू-ललितांच्या पहिल्या खंडाची अनुक्रमणिका तिच्याशेजारी ठेवून वाचावी.