जिवतीच्या पटातील जरा : एक आकलन

श्रावणात महाराष्ट्रातील अनेक घरांत देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर जिवतीचा छापील कागद चिकटविला जातो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती अशा चौकटींच्या या पटाची पूजा अपत्यांच्या दीर्घायुष्यासाठी होते. अलीकडे त्याचा अर्थ लावताना चौकटींना कामे वाटून दिली जातात : जरा-जिवंतिका आरोग्य देतात, बुध-बृहस्पती बुद्धी, इत्यादी. हे विवेचन नेटके आहे. परंतु पटाच्या गाभ्यालाच ते बगल देते.

जरा ही मुळात राक्षसी. महाभारताच्या सभापर्वात मगधराज बृहद्रथाच्या दोन राण्यांच्या पोटी अर्धे-अर्धे अर्भक जन्मते आणि ती शकले टाकून दिली जातात. मांसभक्षक जरा ती उचलते, जोडते आणि जिवंत झालेले बालक न खाता राजाला परत करते. तोच जरासंध. आपले मुलांसह चित्र भिंतीवर रेखाटणाऱ्याच्या घराची भरभराट होते, असेही ती तेथे सांगते. भिंतीवरच्या कागदाला याहून जुना आधार क्वचितच सापडावा!

भय आणि अभय येथे एकाच ठायी आहेत. जिच्यापासून मूल वाचवायचे, तिलाच राखणदार नेमले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील हारिती आणि बाळंतिणीच्या खोलीत पुजली जाणारी सटवाई याच कुळातल्या. (‘सटवी’ ही पुढे शिवी झाली, हे सूचक आहे.) जरेला निव्वळ आरोग्यदेवता ठरविले की तिची ही बाजू पुसली जाते, आणि तिच्याबरोबर बालमृत्यूच्या छायेत हा पट पुजणाऱ्या स्त्रियांचे भयही. परगावी असलेल्या मुलांसाठी आई चारी दिशांना अक्षता टाकते, ती एखाद्या चौकटीचे कार्य आठवून नव्हे.