माशाची जात आणि कायद्याची यादी

आपल्या कार्यकर्त्यांमध्ये एक समज पक्का आहे. नदी, मासे, जंगल हे पोट भरलेल्यांचे विषय. माणसाच्या प्रश्नाकडे पाहायचे नसले की लोक प्राण्यांकडे पाहतात. मीही बरीच वर्षे याच मताचा होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९७८ रोजी टेलिको धरणासंबंधी दिलेला निकाल मुळातून वाचला, तेव्हा हे मत अपुरे वाटू लागले. एखाद्या ग्रंथाची करावी तशी त्या निकालाची चिकित्सा येथे करतो.

प्रकरण असे. ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’ या सरकारी संस्थेने १९६७ साली लिटल टेनेसी नदीवर हे धरण बांधायला घेतले. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. पर्यावरणविषयक अहवालाच्या मुद्द्यावर मिळालेला मनाई हुकूम १९७३ मध्ये उठला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेव्हिड एटनियर या प्राणिशास्त्रज्ञाला नदीच्या उथळ, वाहत्या पाण्यात जेमतेम तीन इंचांचा मासा सापडला. गोगलगायींवर जगणारा, म्हणून नाव स्नेल डार्टर. डिसेंबरमध्ये संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आला आणि १९७५ साली मासा त्या कायद्याच्या यादीत गेला. हायरम हिल हा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक झिग्मंट प्लेटर यांनी दावा लावला. दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झालेले, जवळजवळ पुरे झालेले धरण सहा विरुद्ध तीन अशा मतांनी थांबले.

सरन्यायाधीश बर्गर यांचा युक्तिवाद सरळ आहे. संसदेने प्रजाती वाचवायचे ठरवले. किंमत किती मोजायची याचा हिशेब तिने न्यायालयावर सोपवलेला नाही. न्या. पॉवेल यांना हा परिणाम हास्यास्पद वाटला. माझे मत बर्गर यांच्या बाजूचे आहे. दुबळ्याला दिलेले संरक्षण महाग पडू लागताच मागे घ्यायचे असेल, तर ते संरक्षण नव्हे, मेहेरबानी होय. मेहेरबानीचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण या निकालपत्रात माणसे कुठे आहेत? आहेत, नदीच्या वर्णनात आहेत. बुडणाऱ्या साडेसोळा हजार एकरांत बरीच सुपीक शेतजमीन आहे, असे एक वाक्य आहे. चेरोकी या आदिवासी राष्ट्राची पवित्र राजधानी एकोटा, आणि जिच्या नावावरून राज्याला टेनेसी हे नाव मिळाले ती वस्ती, यांचाही उल्लेख आहे. पण तो पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा म्हणून. जिवंत चेरोकी लोक त्यात नाहीत. निर्णयाचा भाग सुरू होताच शेतकरी आणि चेरोकी दोघेही लुप्त होतात; उरतो मासा. शेतकऱ्यांनी माशाचा आडोसा घेतला असे हिणवले गेले. कायद्याने बाकीची दारे लावून घेतली असतील, तर उघड्या दारातून आत शिरणाऱ्याला लबाड का म्हणायचे?

पुढचा भाग अधिक बोलका आहे. अपवाद द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी नेमलेल्या उच्चाधिकार समितीने जानेवारी १९७९ मध्ये एकमताने नकार दिला. उरलेले काम पुरे करण्याचा खर्चसुद्धा धरणाच्या फायद्यातून निघत नव्हता. तरीही टेनेसीच्या प्रतिनिधींनी खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवले, २५ सप्टेंबर १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि नोव्हेंबरअखेर धरणाचे दरवाजे बंद झाले. चेरोकींनी धर्मस्वातंत्र्याच्या आधारे स्वतंत्र दावा केला होता. त्या जमिनीवर तुमची मालकी नाही, असे सांगून खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. १९८० साली वरच्या न्यायालयाने वेगळे कारण देऊन फेटाळणी कायम केली. जमीन आधी हिरावून घ्यायची आणि मग मालकीचा पुरावा मागायचा, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

येथे आपल्यापुरता एक अवघड प्रश्न उभा राहतो. हीच टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी नमुना म्हणून समोर ठेवली होती. त्यांना पूर आवरायचा होता, वीज हवी होती, शेतीला पाणी हवे होते. धरण म्हणजे पाप, असे म्हणणे म्हणूनच आपल्याला परवडणारे नाही. पण टेलिको धरणावर वीजगृहच नाही. सांगितलेल्या लाभांत करमणूक आणि तळ्याकाठच्या जमिनींचा विकास यांना मोठे स्थान होते. बाबासाहेबांचा नमुना घेणे म्हणजे त्या संस्थेच्या प्रत्येक भिंतीला हात जोडणे नव्हे.

मासा मात्र वाचला. दुसऱ्या नद्यांत सोडला गेला, काही ठिकाणी नव्याने सापडला आणि २०२२ साली यादीतून बाहेर आला. मग जानेवारी २०२५ मध्ये काही संशोधकांनी मांडले की ही वेगळी प्रजाती नव्हेच. दुसऱ्या एका ज्ञात डार्टरचाच हा पूर्वेकडचा गट आहे. लगेच सूर निघाला: मग त्याला संरक्षण कशाला दिले? प्लेटर यांना हा निष्कर्ष मान्य नाही. तो खरा धरला, तरी त्या कायद्यात स्वतंत्र प्रादेशिक गटालाही संरक्षणाची सोय आहे. नाव बदलल्याने त्या नदीतला मासा कमी संकटात नव्हता.

हे वाचताना मला वडील आठवले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना १९९० पर्यंत जागा नव्हती. राज्यात सवलत होती, केंद्रात नव्हती. वडिलांनी केंद्राच्या एका कार्यालयात अर्ज केला, तेव्हा बाबूने सुचवले, ‘बौद्ध’ खोडा आणि ‘हिंदू’ लिहा. वडिलांनी खोडले नाही. १९९० साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा त्यांची वयोमर्यादा उलटली होती. मधल्या काळात गावाने त्यांना वेगळे वागवणे थांबवले होते काय? नाव यादीबाहेर होते. अन्याय जागच्या जागी होता.

माणसाची माशाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. ती आपल्याविरुद्ध पुरेशी झाली आहे. मी यादीबद्दल बोलतो आहे. यादी हे संरक्षणाचे साधन आहे, कारण नव्हे. कारण आहे ते समोरचे संकट. उद्या आपल्या नदीतल्या माशाला कायद्याने वाचवायचे का, असा प्रश्न आला, तर मी होय म्हणेन. आणि लगेच विचारेन, काठावर राहणाऱ्यांची, जाळे टाकणाऱ्यांची नावे या निकालपत्राच्या कोणत्या भागात आहेत? वर्णनात, की निर्णयात?