विंदालूतला आलू

आमच्या धाराशिवकडे बोकडाला तोटा नाही. उस्मानाबादी शेळीचं नाव जिल्ह्याबाहेरही चालतं. तेव्हा इथल्या एका हॉटेलवाल्याने गोव्याच्या विंदालूत डुकराऐवजी बोकड घातला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बटाट्याबद्दल. 'विंदालू' म्हटलं की आचाऱ्याला शेवटचा 'आलू' तेवढा ऐकू येतो आणि तो बटाटे सोलायला बसतो!

वास्तविक हा आलू म्हणजे लसूण. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांचा हा पदार्थ. वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात वाइन कुठून आणायची? पण माड होते. मग माडीचा शिरका आला, आणि पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात वाटली गेली. शिरका हे विंदालूचं भांडवल. त्यात मांस रात्रभर मुरतं, टिकतं, आणि दुसऱ्या दिवशी चव वाढते, ते व्याज.

आमच्याकडे आंबटपणा टोमॅटोचा. तोच लाल रस्सा वरच्या ओळीत 'कोल्हापुरी' आणि खालच्या ओळीत 'विंदालू'! बँकेत एकच रक्कम दोन खात्यांवर दाखवली तर ऑडिटर घरी पाठवतो.

२०२३ साली आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, माणसं तीच राहिली. विंदालूचं उलट झालं. नाव राहिलं, आतली मंडळीच गेली.

तेव्हा आचारीबुवा, बटाटा काढा, लसूण वाढवा, पळीभर शिरका घाला आणि रात्रभर थांबा. थांबणं जमत नसेल तर सरळ 'बटाटा घातलेलं मटण' असं लिहा. आम्ही तेही पुसून खाऊ!