खालच्या पट्टीतला प्लांट

रॉबर्ट प्लांटचा 'ललबाय अँड... द सीसलेस रोअर' २०१४च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा त्यावर मी ऐकलेलं पहिलं मत एका जुन्या मित्राचं होतं. ‘म्हातारा झाला रे.’ प्लांट तेव्हा ६६ वर्षांचा होता, त्यामुळे विधानात चूक काही नव्हती. पण मित्राला वय सांगायचं नव्हतं. लेड झेपलिनच्या 'इमिग्रंट साँग'मधली सुरुवातीची आरोळी आम्ही दोघांनी कॅसेट घासून जाईपर्यंत ऐकलेली. हा माणूस जेव्हा जेव्हा तोंड उघडेल तेव्हा तेच बाहेर पडावं, हा जणू आमचा हक्कच होता. तेव्हा मीही मान डोलावली, आणि अल्बम वर्षभर पुन्हा लावला नाही.

नंतर इतरांची मतं ऐकत गेलो तसं लक्षात आलं, की त्यांतली बरीचशी या अल्बमबद्दल नव्हतीच. ती न झालेल्या लेड झेपलिनच्या दौऱ्याबद्दल होती. ड्रमवादक जॉन बॉनमच्या मृत्यूनंतर १९८०मध्ये बँड संपला. १० डिसेंबर २००७ला लंडनच्या ओटू अरीनात उरलेले तिघे बॉनमच्या मुलाला घेऊन एका रात्रीपुरते एकत्र आले आणि जगभरच्या चाहत्यांना वाटलं, आता दौरा निघणार. प्लांट मात्र ॲलिसन क्राउसबरोबरच्या 'रेझिंग सँड'ची गाणी घेऊन निघून गेला. त्या अल्बमला २००९मध्ये ग्रॅमी मिळालं, तरी रुसवा गेला नाही. २०१४मध्ये तर जिमी पेज जुने अल्बम नव्याने साफसूफ करून बाजारात आणत होता आणि प्लांटच्या नकाराबद्दलची चीड मुलाखतींतून बोलून दाखवत होता. अशा वेळी आलेलं प्लांटचं प्रत्येक नवं गाणं ‘नाही म्हणजे नाही’ असंच ऐकू येणार.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ही जगभरच्या वाद्यांची भेळ आहे, असं काही जण म्हणतात. पहिलंच गाणं 'लिटल मॅगी'. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगराळ भागातलं हे पारंपरिक गाणं ब्लूग्रासवाले पिढ्यान् पिढ्या गात आलेत. इथे त्यात बँजोला लागून गँबियाच्या जुल्डे कमाराची रिट्टी येते. रिट्टी म्हणजे गजानं वाजवायचं एका तारेचं वाद्य. आणि मग शेवटाकडे इलेक्ट्रॉनिक ठेका. शंका येणं रास्त आहे, कारण झेपलिनचा या बाबतीतला इतिहास स्वच्छ नाही. 'होल लॉटा लव्ह'साठी ब्लूजकार विली डिक्सनला कोर्टाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे त्याचं नाव श्रेयात लागलं. आपल्याकडेही १९७२मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित करून गेले. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मुंबईचे जुने रॉकवाले ही गोष्ट अभिमानाने सांगतात. त्या वादकांची नावं मात्र विचारू नयेत, कुणाला आठवत नाहीत.

म्हणूनच 'लिटल मॅगी' मी कान टवकारून ऐकलं. कमारा तिथे सजावटीला नाही. बँजो मोकळी जागा सोडतो तिथे रिट्टी गाण्याला धरून ओढते, आणि प्लांट दोघांच्या मधून वाट काढतो. बँजोचे पूर्वजही पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबरच अमेरिकेत गेले होते. ही दोन वाद्यं शेजारी आली की भेळ म्हणवत नाही, ती दूरच्या चुलत भावंडांची गाठ वाटते. गिटारवादक जस्टिन ॲडम्सनं कमाराबरोबर आधीच अल्बम केले होते, हेही ऐकताना कळतं. ओळख स्टुडिओत झालेली नाही.

आणि आवाज? 'अ स्टोलन किस'मध्ये पियानोशिवाय फारसा आधार नाही. तिथे प्लांट जवळजवळ पुटपुटतो, शब्दाचा शेवट श्वासावर सोडून देतो. सत्तरीतले मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना त्यांच्या तरुणपणीच्या तबकड्या कुणी पुढे केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ख्यालात राग असतो, तो आवाजाबरोबर म्हातारा होत नाही. रॉकमध्ये गाणाऱ्याचं शरीर हाच मजकूर, त्यामुळे झेपलिनच्या श्रोत्याला फसवल्यासारखं वाटतं, हे मी समजू शकतो. पण ती आरोळी या गळ्यातून आज काढली असती, तर ती नक्कल झाली असती, तीही स्वतःचीच.

अल्बमबद्दलचं खरं मत मला दिलं माझ्या भाचीनं. तिला झेपलिन ठाऊक नव्हतं. दोन गाणी झाल्यावर तिने विचारलं, ‘हा कुठल्या देशाचा?’ आणि पाचव्या-सहाव्या गाण्याला म्हणाली, ‘सगळं एकाच जाडीचं आहे. याचा आवाज नीट ऐकूच येऊ देत नाहीत.’ मुद्दा बिनतोड आहे. इलेक्ट्रॉनिक आवर्तनांचा थर बऱ्याच ठिकाणी इतका दाट आहे, की उरलेला आवाजही त्यात बुडतो. 'हाउस ऑफ लव्ह' तर मला आजही आठवत नाही, ते नुसतं वाहून जातं. याउलट 'एम्ब्रेस अनदर फॉल'मध्ये ज्युली मर्फी वेल्श भाषेत गायला लागते तेव्हा थर बाजूला होतो, आणि इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या आपल्या मुलखात हा माणूस परत का आला ते उमगतं.

मित्राला मी अखेर एकच गाणं पाठवलं, 'पॉकेटफुल ऑफ गोल्डन'. त्याची सुरुवात १९६९च्या 'थँक यू'च्या पहिल्या ओळीनंच होते. विशीतल्या प्लांटनं ती ओळ पैजेसारखी गायली होती. इथे तीच तो हळू, एखादी जुनी थाप स्वतःलाच आठवून सांगावी तशी म्हणतो आणि पुढे दुसरीकडेच जातो. मित्रानं ओळ अर्थातच ओळखली. तासाभरानं त्याचा फोन आला. ‘चोरली की स्वतःचीच ओळ,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘यानंतरचं कुठलं ऐकू?’