निम्मा आणि आठवा हिस्सा

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतं एकमेकांत कशी मिसळतात त्याची मांडणी. दासोपंतांचा (१५५१–१६१५) गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. एवढं लिहिणाऱ्या माणसाने हा एक विषय पोथीतून काढून कापडावर पसरावा, या निवडीतच मला पासोडीचं मर्म दिसतं. पोथीचं पान उलटलं की आधीचं झाकलं जातं. पासोडी उलगडली की वाचणारा मागचंही पाहत पुढे सरकतो.

विषयही मांडणीचाच. प्रत्येक महाभूताचे दोन भाग करायचे. निम्मा त्याच्याजवळ ठेवायचा, उरलेल्या निम्म्याचे चार वाटे करून इतर चौघांना द्यायचे. म्हणून आपल्या पायाखालच्या पृथ्वीत निम्मी पृथ्वी असते. आप, तेज, वायू, आकाश यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. जे अधिक, त्याचं नाव. सगळंच मिसळलेलं आहे हे कबूल करूनही वर्गवारी सोडायची नाही, हा धीर मला फार मोलाचा वाटतो.

आज फोनवरच्या नियोजनाच्या अ‍ॅपमध्ये हाच पेच रोज पडतो. टोडोइस्टसारख्या अ‍ॅपमध्ये एक काम एकाच प्रकल्पात बसतं. लेबलं मात्र हवी तितकी लावता येतात, आणि प्राधान्याच्या चार पायऱ्या असतात. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबाचं एक काम घ्या: कारखान्यावर जाण्याआधी मुलीची हंगामी वसतिगृहात सोय लावणे. हे शिक्षणाचं काम, की मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचं, की प्रवासाच्या तयारीचं, की मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आजीचं? पंचीकरणाच्या हिशेबाने उत्तर सरळ आहे. निम्मं शिक्षणाचं, म्हणून प्रकल्प शिक्षणाचा, बाकीच्यांची लेबलं. लेबलं गाळली, तर टोळी निघायची तारीख अलीकडे आली तरी शाळेच्या यादीतलं हे काम हलत नाही.

प्राधान्याचा झेंडा काम कधी करायचं तेवढं सांगतो. ते का अडलंय, हे त्याच्या घडणीत पाहावं लागतं. इथे पंचीकरणाची परंपरा आपल्या अ‍ॅपच्या पुढे आहे. शरीरातल्या हाडामांसाला, तहानभुकेला, हालचालीला तिने महाभूतांत जागा दिलीच. शिवाय आकाशाच्या वाट्याला काम, क्रोध, शोक, मोह आणि भय दिलं. भयालाही स्वतःचं घर आहे, तहानेइतकंच हक्काचं. लेकरू सहा महिने दूर राहणार, ही आईची धास्ती त्या कामाचा खराखुरा आठवा हिस्सा आहे, आणि बहुधा तीच ते लांबवते. तिचं लेबल लावलं की त्याच्याआधी करायचं काम आपोआप सुचतं: आईने एकदा ते वसतिगृह पाहून यावं.